कुंडलिकेची लाट कुणाच्या खात्यात?

सकाळी पावणेनऊला आम्ही रायगड जिल्ह्यात साजे गावाजवळ कुंडलिका नदीच्या काठी राफ्टिंगसाठी उभे होतो आणि नदीत पाणी नव्हतं. अगदीच नव्हतं असं नाही, खडकांमधून घोटाभर वाहत होतं. हेल्मेट घातलेली, लाइफ जॅकेटं आवळलेली, हातात वल्ही धरलेली पन्नास-साठ माणसं काठावर ताटकळत होती. वरात दारात यावी आणि नवरदेव मागच्या गाडीत अडकावा, तसा सगळा प्रकार.

‘अजून सुटलं नाही सर,’ गाईड म्हणाला. ‘येईल. वरती सावलीत बसा, खाली उतरू नका.’

नऊ वाजून गेल्यावर आधी आवाज बदलला, पाणी नंतर दिसलं. समोरच्या ज्या खडकावर बगळा उभा होता तो उडाला आणि थोड्या वेळात तो खडकही गेला. वीसेक मिनिटांत ओढ्याची नदी झाली. राफ्ट पाण्यात ढकलल्या गेल्या आणि पुढचे दीड-दोन तास आम्ही ओरडत, भिजत कोलाडच्या दिशेने वाहत गेलो. त्या मजेचं वर्णन करण्यात मला रस नाही, ते इन्स्टाग्रामवर भरपूर आहे. मी पुण्यात अर्थशास्त्र शिकवतो आणि हे प्रकरण मी पदव्युत्तर वर्गासाठी लिहून काढलं, ते त्या वीस मिनिटांमुळे. नदीत एक लाट तयार झाली, तिच्यावर काही कुटुंबांची त्या दिवसाची कमाई झाली, आणि दुपारनंतर ती लाट नाहीशी झाली. तिची किंमत किती, आणि उद्या ती कायमची गेली तर ते नुकसान कुणाच्या वहीत लिहिलं जाईल?

आधी पाणी येतं कुठून ते पाहू. कोथरूडहून चांदणी चौक, पिरंगुट, पौड करत ताम्हिणीकडे निघालं की उजव्या हाताला मुळशीचं तळं लागतं. पुणेकराला मुळशी धरण आठवतं ते जुलै-ऑगस्टमध्ये, सांडव्यावरून पाणी मुळेत सुटलं आणि बाणेर-औंधच्या नदीकाठच्या लोकांना सावध केलं की. पण या धरणाचा मुख्य धंदा पूर्वेकडे नाहीच. १९२७ मध्ये टाटांनी ते बांधलं ते पाणी उलट्या दिशेला, सह्याद्रीच्या पलीकडे टाकण्यासाठी. सुमारे १८ टीएमसीचा (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) हा साठा डोंगरातून पश्चिमेला नेतात आणि जवळपास ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात सोडतात. वीज मुंबईला जाते. यंत्रं फिरवून झालेलं पाणी, ज्याला आपल्याकडे अवजल म्हणतात, ते भिऱ्याला पुन्हा अडवून महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीच्या ८० मेगावॅटच्या दुसऱ्या वीजगृहातून काढलं जातं आणि मग कुंडलिकेत येतं. पुढे डोलवहाळचा बंधारा, रोह्याकडची शेती, धाटावची एमआयडीसी. भिरा आणि डोलवहाळ यांच्या मधल्या दहा-बारा किलोमीटरमध्ये, कुणीही न मागता, राफ्टिंगसाठी उत्तम अशी नदी तयार झाली आहे. बारमाही. एप्रिलच्या रखरखाटात कोकणातल्या बहुतेक नद्यांचे दगड तापलेले असताना इथे लाटा असतात, कारण या लाटा पावसाच्या नाहीत, मुंबईच्या विजेच्या मागणीच्या आहेत.

हे मी आमच्या सोसायटीतल्या काकांना कौतुकाने सांगितलं. काका जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना कौतुक वाटलं नाही.

‘अहो, घाटावरचं पाणी घाटाखाली फेकायचं आणि तुम्ही त्यात नावा खेळवायच्या! इकडे आपल्या सोसायटीत टँकर येतोय. ते पाणी पुण्याला वळवायला पाहिजे, एवढं साधं आहे.’

काका एकटे नाहीत. टाटांच्या धरणांचं पाणी भीमा खोऱ्यात परत आणावं ही मागणी पुण्यापासून सोलापूरपर्यंत अधूनमधून उठते, आणि ती चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. कृष्णा खोऱ्याचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या लवादाने या धरणांना पश्चिमेकडे नेण्यासाठी वर्षाला सरासरी ४२ टीएमसीच्या आसपास पाणी मान्य केलं, ते १९७० च्या दशकात. तेव्हाचं पुणे आणि आजचं पुणे यांत काय फरक पडला हे हिंजवडीच्या चौकात सकाळी नऊला उभं राहिलेल्या माणसाला सांगायला नको. मात्र काकांच्या वाक्यातला ‘नावा खेळवायच्या’ हा शब्दप्रयोग मला खटकला. खेळ म्हटलं की किंमत शून्य, असा त्याचा अर्थ. हीच चूक समुद्रातल्या लाटांबद्दल जगाने बरीच वर्षं केली.

स्पेनच्या बास्क किनाऱ्यावर मुंडाका नावाचं छोटं गाव आहे. तिथे नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे आणि त्यावर डावीकडे फुटत जाणारी लाट युरोपात नावाजलेली. २००३ मध्ये खाडीत वरच्या बाजूच्या जहाज कारखान्यासाठी गाळ उपसला, वाळू सरकली आणि लाट बिघडली. २००५ मध्ये तिथली आंतरराष्ट्रीय सर्फिंग स्पर्धा रद्द करावी लागली. गावाने तोपर्यंत लाटेची किंमत कधी काढलीच नव्हती. समुद्र आहे, लाट आहे, त्यात मोजायचं काय? वाळू पुढे हळूहळू परत आली. २००८ मध्ये झालेल्या अभ्यासाने सांगितलं की ही एक लाट त्या गावाला वर्षाला ४५ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न देते. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅव्हरिक्सच्या महाकाय लाटेचं मूल्य वर्षाला २ कोटी ३९ लाख डॉलर काढलं गेलं. त्यानंतर मॅकग्रेगर आणि विल्स या दोन अर्थतज्ज्ञांनी १४६ देशांतल्या ५,००० च्या वर लाटा घेतल्या आणि उपग्रहातून दिसणारे रात्रीचे दिवे मोजले. चांगल्या लाटेजवळची गावं इतरांपेक्षा वेगाने उजळत होती, म्हणजे तिथली उलाढाल वेगाने वाढत होती. जगभरातल्या लाटांमागची वर्षाची उलाढाल त्यांनी ५,००० कोटी डॉलरच्या घरात धरली.

मला या आकड्यांपेक्षा त्यामागची युक्ती जास्त आवडते. लाटेला तिकीट नसतं. मग तिची किंमत कशी काढायची? १९४७ मध्ये हॅरोल्ड होटेलिंग या अर्थतज्ज्ञाने अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांबाबत पत्र लिहून सुचवलं की लोक तिथे पोहोचायला जो खर्च करतात तोच वाचा. जवळचा माणूस थोड्या खर्चात येतो, लांबचा जास्त खर्च करून येतो, आणि दोघं बघतात तेच डोंगर. लांबच्याने मोजलेल्या जादा पैशांवरून कळतं की जवळच्याला किती फुकट मिळालं. पंढरीच्या वारीला हे गणित लावलं तर जे उत्तर येईल त्याने अर्थतज्ज्ञाचीच झोप उडेल, पण तो वेगळा विषय.

तर आमच्या गाडीचा हिशेब. चौघे, कोथरूडहून जाऊन-येऊन २०० किलोमीटर. डिझेल आणि गाडीची झीज धरून किलोमीटरला १० रुपये, म्हणजे २,०००. ताम्हिणीच्या अलीकडे पोहे-चहा, चौघांचे ४००. राफ्टिंगचे माणशी १,५००, एकूण ६,०००. दुपारी कोलाडला जेवण, सोलकढीसकट १,२००. बेरीज ९,६००, माणशी २,४००. यात वेळ धरलेला नाही. महिन्याला पन्नास हजार मिळवणाऱ्याचा तास साधारण अडीचशेचा पडतो. प्रवासाच्या तासाला त्याच्या एक तृतीयांश किंमत द्यावी असा आमच्या शास्त्रातला एक रूढ संकेत आहे. (ताम्हिणीतून पावसाळ्यात जाताना तो वेळ खर्च की कमाई, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला. बरोबर विचारला. संकेत तिथे लंगडा पडतो.) पाच तासांचे मिळून चारशे-सव्वाचारशे. म्हणजे त्या लाटेसाठी पुण्याच्या एका माणसाने साधारण २,८०० रुपये मोजले. नाशिकहून येणारा याहून बराच जास्त मोजतो आणि तरी येतो, म्हणजे लाट २,८०० पेक्षा जास्त मोलाची आहे. वरचं सगळं पुणेकराच्या पदरात फुकट पडतं, आणि फुकट मिळालेल्या गोष्टीचा हिशेब पुणेकर ठेवत नाही, ही आमची जुनी खोड.

आता थोडं ‘समजा’ करू. समजा एका सकाळी वीस राफ्ट उतरल्या, प्रत्येकीत आठ जण. १६० माणसं, साडेचार लाख रुपये. अशा शंभर सकाळी धरल्या तर वर्षाला साडेचार कोटी. हे मोजलेले आकडे नाहीत, गणिताचा आकार कळावा म्हणून घेतलेले आहेत. वर्गात मी ते दुप्पट करून पाहिले, निम्मे करून पाहिले. निष्कर्ष बदलत नाही.

कारण समोर वीज आहे. एक टीएमसी पाणी ५०० मीटर खाली सोडलं, यंत्रांची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर साधारण ३ कोटी ३० लाख युनिट होतात. युनिटला पाच रुपये धरले तर साडेसोळा कोटी. फक्त एका टीएमसीचे! आणि पिण्याच्या पाण्याशी तुलना केली तर राफ्टिंग बोलूच शकत नाही. माणशी रोज १३५ लिटर धरले तर एक टीएमसी म्हणजे पावणेसहा लाख माणसांचं वर्षभराचं पाणी. वर्गात इथे शांतता पसरली. ज्यांनी राफ्टिंगच्या बाजूने बोलायचं कबूल केलं होतं त्यांनी वह्या मिटल्या. काका असते तर ‘मी काय सांगत होतो?’ असं म्हणाले असते.

पण प्रश्नच चुकीचा मांडला होता. राफ्ट पाणी पीत नाही. वीज होऊन गेलेलं पाणी डोलवहाळला पोहोचण्याआधी वाटेत ती त्याचा वापर करते, आणि एक थेंबही कमी न करता पुढे देते. तिची गरज टीएमसीत मोजायचीच नाही, ती घड्याळात मोजायची. भिऱ्याची जुनी सहा यंत्रं, १५० मेगावॅटची, पूर्ण ताकदीने चालली तर माझ्या हिशेबाने सेकंदाला ३६ घनमीटर पाणी लागतं, म्हणजे १,२७० क्युसेक. खडकवासल्यातून पावसाळ्यात सुटणारे आकडे ऐकलेल्या पुणेकराला हे किरकोळ वाटेल. पण अरुंद खडकाळ पात्रात एवढ्याने राफ्ट उसळते. तीन तास हा प्रवाह ठेवला तर पावणेदोन शतांश टीएमसीही होत नाही, जेमतेम ०.०१४. शंभर सकाळींना मिळून १.४ टीएमसी. तेही राफ्टिंगसाठी वेगळं सोडायचं नाही, जे सुटणारच आहे त्यातलं.

म्हणजे उद्या मुळशीच्या १८ पैकी ५ टीएमसी पुण्याला दिलं, अगदी १० दिलं, तरी कुंडलिकेची लाट मरायलाच हवी असं नाही. उरलेलं पाणी शनिवार-रविवारी सकाळी आठ ते अकरा सुटलं तर ती जगते. मध्यरात्री सुटलं तर १८ च्या १८ टीएमसी पश्चिमेला जाऊनही ती मेली. मला या प्रकरणात सापडलेली मोलाची गोष्ट हीच, आणि ती काकांशी भांडल्याशिवाय सापडली नसती.

म्हणूनच मला पुण्याच्या तहानेपेक्षा सूर्याची जास्त काळजी वाटते. जलविद्युत ही घाईच्या वेळची वीज. दिवसा सौर वीज स्वस्त होत चालली की धरणातलं पाणी संध्याकाळसाठी राखून ठेवण्यात शहाणपण. भिऱ्याला १५० मेगावॅटचा उदंचन संच आहेच, म्हणजे स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचं आणि महाग वेळेला खाली सोडायचं. २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी शिरवता आणि भिवपुरीला मिळून २,८०० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांचा करार केला. वारा कुठल्या दिशेने वाहतोय हे त्यावरून दिसतं. मधल्या साठ्यामुळे थोडी सवलत मिळेल, पण पाण्याचं वेळापत्रक संध्याकाळकडे सरकलं तर अंधारात राफ्ट उतरणार नाहीत. कुणी लाट मारायला निघालेलं नसेल, ती वेळापत्रकातल्या एका दुरुस्तीने जाईल. मुंडाकालाही लाट कुणी ठरवून घालवली नव्हती.

याला उपाय नाही असं नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात गॉली नदीवर समर्सविल नावाचं धरण आहे. पूर रोखण्यासाठी बांधलेलं, म्हणून हिवाळ्याआधी तळं खाली करावंच लागतं. ते पाणी केव्हा सोडायचं हा फक्त तारखांचा प्रश्न होता. १९८६ मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून राफ्टिंग हा त्या धरणाचा एक अधिकृत उद्देश ठरवला. आता सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ठरलेल्या शनिवार-रविवारांना, आगेमागे शुक्रवार-सोमवार जोडून, जाहीर वेळापत्रकाने पाणी सुटतं. पाणी तेवढंच, धरणही तेच. फरक तारखांचा, आणि त्या तारखांवर आसपासच्या गावांचा हंगाम उभा आहे. पेरूने तर २००० सालीच सर्फिंगच्या लाटांच्या संरक्षणाचा कायदा केला.

नुकसानभरपाईचा मार्ग त्यापेक्षा पुष्कळ वाईट. कॅलिफोर्नियात एल सेगुंडोला तेल कंपनीने १९८४ मध्ये बांधलेल्या धक्क्याने लाट बिघडवली. किनारा आयोगाच्या हस्तक्षेपाने ३ लाख डॉलर मिळाले, त्यातून २००० मध्ये वाळूच्या पिशव्यांचा कृत्रिम खडक टाकला. लाट काही आली नाही, आणि काही वर्षांनी पिशव्याही काढाव्या लागल्या. लाट गेल्यावर पैसे मिळतात, लाट मिळत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला माझ्या विभागातल्या मॅडमनी घेतला. ‘सर, ही लाट निसर्गाने दिलेली नाही. धरणाचं उप-उत्पादन आहे. त्याचं संरक्षण कसलं मागता?’ याला सर्फिंगच्या दुनियेत उत्तर आहे. ऑस्ट्रेलियाच्या गोल्ड कोस्टवर २००१ मध्ये नदीच्या मुखातली वाळू पंपाने पुढे टाकायची योजना सुरू झाली आणि त्यातून जगातल्या सर्वांत लांब लाटांपैकी एक, सुपरबँक, तयार झाली. त्याच वाळूत शेजारच्या किरा किनाऱ्याची जुनी प्रसिद्ध लाट गाडली गेली. लाट माणसाने केली की निसर्गाने, यापेक्षा आज तिच्यावर कोण जगतं हे जास्त महत्त्वाचं, असं मी म्हणालो.

मॅडमचं आजोळ मुळशी तालुक्यातलं. त्या म्हणाल्या, ‘मग हिशेब १९२१ पासून करा.’

मी गप्प बसलो, कारण त्या बरोबर होत्या. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाचं काम बंद पाडायला सुरुवात केली. ‘जान किंवा जमीन’ अशी शपथ होती. पुढे पांडुरंग महादेव बापट त्याचे सेनापती झाले, तुरुंगात गेले, आणि तीन वर्षांच्या लढ्यानंतरही धरण झालं. भातखाचरं, घरं, देवळं पाण्याखाली गेली. आज त्या तळ्याच्या शेपटावर मी माणशी २,८०० रुपयांची मजा मोजतो आहे. मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे मी तक्त्यात आणखी एक रकाना वाढवला: ‘बुडालेली जमीन’. होटेलिंगची युक्ती तिथे चालत नाही, कारण तिथे कुणी प्रवास करून जाऊ शकत नाही. रकाना आहे, आकडा नाही.

खालच्या बाजूचा हिशेबही सरळ नाही. आमच्या ९,६०० पैकी ७,२०० रुपये कोलाडच्या परिसरात पडले, हे ऐकायला छान. पण त्यातले सहा हजार राफ्टिंगच्या फीचे, आणि कंपनीचा मालक कुठला, राफ्ट कुठून घेतल्या, गाईड कुठला, यावर गावात किती मुरतात ते ठरतं. आमच्या राफ्टवरचा मुख्य गाईड नेपाळचा होता. त्याच्या हाताखालचा मुलगा साज्याजवळचा, तीन वर्षांत पुढच्या जागेवर बसायची आशा धरून. ‘आधी धाटावला कंपनीत होतो,’ तो म्हणाला, ‘तिथं हप्ता सुट्टी कळायची. हितं पाणी कळत न्हाई.’ पाणी कळत नाही, हा त्याच्या नोकरीचा मुख्य धोका. अर्थशास्त्रात अनिश्चिततेची किंमत काढायची सूत्रं आहेत, पण मी त्याचं वाक्य तसंच फळ्यावर लिहिलं.

आकडेमोड संपल्यावर मी ती वही काकांकडे नेली. त्यांनी चष्मा बदलला, पेन्सिल घेतली आणि १.४ टीएमसीचं गणित पुन्हा करून पाहिलं. एका ठिकाणी गळती धरली नाही म्हणून मला झापलं. डोलवहाळच्या कालव्यांच्या आवर्तनाचं काय, असं विचारलं. ते शनिवार-रविवारच्या सकाळींशी जुळवता येईल का यावर दहा मिनिटं घालवली आणि येईल असं कबूल केलं. पुण्याला पाणी हवंच, हे शेवटी पुन्हा सांगितलं.

‘आकडा ठीक आहे तुमचा,’ ते म्हणाले. ‘पण मला सांगा, शनिवारी सकाळी पाणी सोडा असं पत्र आलं असतं ना माझ्या टेबलावर, तर मी आधी खाली बघितलं असतं. सही कुणाची आहे?’

पुढच्या तासाला मी वर्गाला ते पत्र लिहायला दिलं. ‘प्रति’ची यादी लांबली, पण जमली: वीज कंपनी, महानिर्मिती, जलसंपदा विभाग, रायगडचे जिल्हाधिकारी. मजकूरही चांगला उतरला, गॉलीच्या दाखल्यासकट. सहीच्या जागी एका गटाने राफ्टिंगवाल्यांचं नाव घातलं, दुसऱ्याने साजे परिसरातल्या ग्रामपंचायतीचं. मागच्या बाकावरच्या तिघांनी ‘पुण्यातले पर्यटक’ असं लिहिलं आणि त्यावर वर्ग हसला. तास संपला तेव्हा ती जागा अजून खोडलेलीच होती.